विसरलेल्या बायकांच्या मॅडम

तांबोळी मॅडम एसटीत कादंबऱ्या सांगायच्या. बारामतीहून सकाळी इंदापूरला निघणाऱ्या गाडीत त्यांची जागा ठरलेली, कंडक्टरच्या मागचा बाक, खिडकीशी. शेजारी जी बाई बसेल ती श्रोता. दवाखान्याला निघालेली असो, लेकीकडे निघालेली असो, नाहीतर बाजाराची पाटी मांडीवर घेऊन बसलेली असो, दोन स्टॉप गेले की मॅडम विचारायच्या, "मावशी, एक गोष्ट सांगू का? शंभर वर्षांपूर्वीची आहे, इंग्लंडातली."

या गोष्टी त्यांच्या अभ्यासातल्या होत्या. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या शेवटच्या दहा-पंधरा वर्षांत इंग्लंडात बऱ्याच बायका कादंबऱ्या लिहायला लागल्या. नवऱ्याचं घर सोडणाऱ्या, डॉक्टरकी शिकणाऱ्या, एकटीनं खोली घेऊन राहणाऱ्या बायकांच्या कादंबऱ्या. त्या वेळी त्या खूप खपल्या, त्यांच्यावर भांडणंही खूप झाली, आणि मग सगळं जग त्यांना विसरलं. मॅडम विसरल्या नाहीत. आमच्या तालुक्यात त्या लेखिकांची नावं ठाऊक असलेलं माणूस एकच होतं.

बारामतीला मावशीकडे मुक्काम झाला की मीही त्याच गाडीनं कॉलेजला यायचे. एकदा सांगवीची एक म्हातारी लासुर्ण्याला निघाली होती. मॅडमची गोष्ट अर्ध्यावर आलेली.

"मंग गेली ती नवऱ्याला सोडून?" म्हातारीनं विचारलं.

"गेली."

"आन् पोरगं?"

"ठेवून गेली."

"ह्ये काय बरं न्हाय केलं तिनं. कुनी सांभाळलं मंग त्याला?"

मॅडम खूश झाल्या. "मावशी, तिकडच्या मोठमोठ्या लोकांनी हाच प्रश्न विचारला होता. पण त्यांनी रागानं विचारला, तुम्ही काळजीनं विचारताय."

"राग मला बी आलाय," म्हातारी म्हणाली. "पर थांबू नका. फुडं सांगा."

लासुर्णे आलं तरी गोष्ट संपली नव्हती. म्हातारी उतरेना. कंडक्टरनं दोनदा घंटी ओढली, तेव्हा कुठं ती पाटी सावरत उतरली आणि खालून ओरडली, "मरत तर न्हाय ना ती?" गाडी हलली होती. मॅडमनी खिडकीतून जोरजोरात मान हलवून "नाही, नाही" सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "मरते. पण आता त्यांना दिवसभर काम आहे."

मॅडमच्या वडिलांचं बारामतीच्या पेठेत विड्याच्या पानांचं दुकान होतं. ओल्या गोणपाटाखाली पानांचे करंडे, आणि त्यांच्यामागे पांढऱ्या टोपीतले अब्बा. "आमचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या पानाचाच," ते गिऱ्हाइकांना सांगायचे. "मी इकतो, पोरगी वाचती." मॅडमचं एम.ए. पुण्याला झालं आणि त्या इंदापूरला आमच्या कॉलेजात इंग्रजीच्या लेक्चरर म्हणून लागल्या. उंच, सावळ्या, सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बुटांवरून सुरुवातीला पोरं हसली. मग एकदा मॅडम सुटलेल्या गाडीमागे स्टँडभर पळाल्या, आणि त्यांनी गाडी पकडली. त्यानंतर कोणी हसलं नाही.

मी डाळजची. आमच्या घरी पूर्वी मेंढरं होती. आजोबांनंतर ती विकली आणि वडील शेतीला लागले. वडिलांना सगळे तात्या म्हणतात, आम्हीसुद्धा. गावातून इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी मी पहिलीच मुलगी, आणि वर्गात आम्ही जेमतेम एका बाकड्याला पुरतील एवढे. त्या एवढ्याशा वर्गात मॅडम एवढ्या मोठ्यानं शिकवायच्या की शेजारच्या वर्गातले इतिहासाचे सर दार लावून घ्यायचे.

त्या वर्षांत साहित्याच्या सिद्धांतांची नवी लाट पुण्यापर्यंत आली होती. सुट्टीत प्राध्यापकांसाठी वर्ग भरायचे. तिथून परतलेले लोक अशी भाषा बोलायचे की समोरच्यानं मान डोलवावी आणि विषय बदलावा. मॅडमही त्या वर्गांना जाऊन आल्या. आल्या त्या एक नियम घेऊनच. कुठलीही कल्पना आधी आपापल्या घरच्या भाषेत सांगायची. ती जमली की मगच तिचा इंग्रजी शब्द वापरायचा.

"शब्दाला अर्थ कुठून येतो?" त्यांनी विचारलं. "भिगवणच्या बाजारातल्या माणसाला समजेल असं सांगा."

वडगाव निंबाळकरचा पोपट नावाचा एक मुलगा मामाकडे राहून शिकत होता. घरी गोठा. तो डोकं खाजवत उठला. "मॅडम, बैल म्हंजे बैल का, तर त्यो गाय न्हाय, म्हस न्हाय, रेडा बी न्हाय म्हनून. बाकीची हायती म्हनून बैलाला बैल म्हनायचं. एकटाच आस्ता तर नुस्तं जनावर म्हनलो आस्तो."

मॅडमनी खडू ठेवला, वर्गाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पुण्यात हे सांगायला त्यांना अख्खी सकाळ लागली. पोपट, आता तुला इंग्रजी शब्द वापरायची परवानगी आहे." त्यांनी तो फळ्यावर लिहिला, 'डिफरन्स'. पोपटनं तो वहीत मोठ्या अक्षरात उतरवला आणि वर्षभर जेवणाच्या सुट्टीतसुद्धा वापरला.

सिद्धांताची त्यांना भीती नव्हती, भक्तीही नव्हती. "चष्मा आहे तो," त्या म्हणायच्या. "लावा, दिसलं तर ठेवा, नाही दिसलं तर पुसा. पण चष्म्याचंच कौतुक करत बसलात तर पुस्तक कधी वाचणार?"

शेवटच्या वर्षाला त्यांनी मला पुण्याला बरोबर नेलं. कॅम्पात साहेबांच्या काळातलं एक जुनं वाचनालय होतं. मडमांसाठी बोटीतून आलेल्या कादंबऱ्या तिथं मागच्या खोलीत पडून होत्या. मॅडम प्रत्येक सुट्टीत तिथं बसून हातानं उतारे काढायच्या. झेरॉक्सला पुस्तकं बाहेर देत नसत. त्या दिवशी एका कादंबरीचा तिसरा खंड हातात आला, तर त्याची पानं कापलेलीच नव्हती. पूर्वी पुस्तकाची पानं कडेला जोडलेली यायची आणि वाचणाऱ्यानं ती सुरीनं सोडवायची. म्हणजे बोटीतून उतरल्यापासून त्या खंडाला कोणी हातच लावला नव्हता.

ग्रंथपाल वयस्कर होते, पुस्तकांना जपणारे. ते म्हणाले, "कापू नका, बाई. पुस्तक खराब होईल."

"सर, न वाचून जे झालंय त्याच्यापेक्षा खराब काय व्हायचंय?"

ग्रंथपालांनी स्वतःच टेबलावरची पितळी सुरी आणून दिली आणि बाजूला उभे राहिले. मॅडमनी पहिलं पान सोडवलं. कागद फाटतानाचा बारीक आवाज आला. त्यांनी सुरी माझ्या हातात दिली. "पुढचं तू." दुपारपर्यंत आम्ही आळीपाळीनं कापत आणि वाचत राहिलो. गोष्टीत पुढे काय होणार हे त्या खोलीत आमच्या आधी कोणालाच कळलेलं नव्हतं. जेवायचं आम्ही विसरलो. ग्रंथपालांनी आपल्या डब्यातली भाजी-पोळी पुढे सरकवली तेव्हा आठवलं.

बी.ए. झाल्यावर मला एम.ए.ला पुण्याला जायचं होतं आणि तात्या तयार नव्हते. मॅडम एका रविवारी डाळजला आल्या. तात्यांनी खाट टाकली, चहा सांगितला आणि सरळ विचारलं, "बाई, ह्या जुन्या इंग्रज बायांचं शिकून हितं काय उपेग हाय, त्ये मला सांगा."

मला वाटलं, मॅडम आता नोकरीचं सांगतील, पगाराचं सांगतील. त्या म्हणाल्या, "उपयोग मला सांगता येणार नाही, तात्या. नोकरी लागेलच असंही नाही. पण मंगल चांगलं वाचते. माझ्यापेक्षा चांगलं वाचेल, असं मला वाटतं. ते थांबू नये म्हणून मी आले."

तात्यांनी मॅडमना आणखी एक चहा सांगितला. मॅडम गेल्यावर ते आईला म्हणाले, "बाईनं मला फसावलं न्हाय. दुसरं कुनी आस्तं तर फसावलं आस्तं. जाऊ दे पोरीला."

मी पुण्याला गेले आणि इकडे मॅडमचे वाईट दिवस सुरू झाले. त्यांची नेमणूक दर वर्षी नव्यानं व्हायची. कायम होण्यासाठी पीएच.डी. हवी होती. प्रबंध लिहून विद्यापीठाला दिलेला होता. त्यांचं म्हणणं असं, की या कादंबऱ्यांचे शेवट लेखिकांचे नव्हेतच. नायिका शेवटी मरते, नाहीतर निमूट घरी परत येते, ते प्रकाशकांना आणि वाचनालयवाल्यांना हवं होतं म्हणून. लेखिकेचं खरं मत मधल्या प्रकरणांत असतं. शेवट ही तिनं नाक्यावर भरलेली जकात. हा शब्द त्यांचाच.

मार्गदर्शक सर पुण्याचे, मनानं चांगले, मॅडमवर त्यांची मायाही होती. पण विषय त्यांच्या गळी उतरत नव्हता. एकदा मी समोर असतानाच ते म्हणाले, "तांबोळी, या बायका विसरल्या गेल्या त्याला काही कारण असेल ना?"

"ते कारण शोधायलाच प्रबंध लिहिलाय, सर."

"अहो, पण परीक्षकांनी नापसंती कळवलीय. माझं ऐका. एक मोठा लेखक मधोमध घ्या आणि या सगळ्या बायका शेवटी परिशिष्टात टाका. सहा महिन्यांत पदवी हातात देतो. नोकरी वाचेल तुमची."

मॅडम म्हणाल्या, "सर, शंभर वर्षं त्या परिशिष्टातच आहेत. मी पण त्यांना तिथंच ठेवलं, तर मी केलं काय?"

प्रबंध परत आला. जूनमध्ये नेमणुकीची वेळ आली, तेव्हा पदवी असलेले एक गृहस्थ अर्ज करून आले होते, नियमानं जागा त्यांची झाली. मॅडमनी कपाटातली पुस्तकं पिशव्यांत भरली. मी सुट्टीला आले होते, एक पिशवी माझ्याकडे होती. मला रडू येत होतं. मॅडम स्टँडकडे भराभर चालत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "तोंड कशाला पाडलंस? चूक मी केली असती तर वाईट वाटलं असतं. चूक केलेली नाही. आता फक्त अडचण आहे."

ती अडचण दोन वर्षं टिकली. तासावर शिकवायचं काम कधी बारामतीत, कधी भिगवणला, कधी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या. उरलेल्या वेळात प्रबंध पुन्हा लिहायचा. त्यांनी लेखिका परिशिष्टात टाकल्या नाहीत. उलट आणखी दोघींची भर घातली. अब्बा दुकानात बसून सांगायचे, "पोरगी हट्टी हाय. माझ्यावर गेली न्हाय. माझ्या आईवर गेली."

अखेर तोंडी परीक्षेचा दिवस ठरला. ती खुली असते, कोणीही बसू शकतं. इंदापूरहून आमच्या बॅचचे सगळे आले होते. पोपट तर इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. अब्बा दाराजवळ, करंड्यातली निवडक पानं रुमालात बांधून. बाहेरून आलेले परीक्षक वयानं मोठे, आवाज जड. दोन्ही बाजूंनी बराच वेळ प्रश्नोत्तरं झाली. मॅडम कुठं अडल्या नाहीत. शेवटी परीक्षक चष्मा काढून म्हणाले, "बाई, मला प्रामाणिकपणे सांगा. तुमच्या इंदापूर तालुक्यात ही पुस्तकं कोण वाचणार आहे?"

प्रश्न अभ्यासाचा नव्हता, ते सगळ्यांना कळलं होतं.

मॅडम हसल्या. "सर, ही पुस्तकं लंडनमध्येही कोणी वाचत नाही. त्या बाबतीत इंदापूर लंडनच्या मागं नाही."

आधी मार्गदर्शक सर हसले. मग परीक्षकही हसले, आणि हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, "मग आता वाचायला लागतील, दोन्हीकडे." पदवीची शिफारस झाली. अब्बांनी रुमाल सोडला आणि परीक्षकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना पान दिलं. परीक्षकांनी दोन घेतली.

पुढे आमच्या कॉलेजातले ते गृहस्थ पुण्याला गेले, जागा रिकामी झाली आणि मॅडम पुन्हा सकाळच्या गाडीत बसू लागल्या. वर्ष-दीड वर्ष त्या राहिल्या. मग हैदराबादच्या एका विद्यापीठानं त्यांना बोलावलं. त्यांच्या लेखिकांवर तिथं स्वतंत्र अभ्यासक्रम करणार होते आणि तो मॅडमनीच उभा करायचा होता. त्या अर्थातच निघाल्या.

निघायच्या दिवशी मी बारामतीला त्यांच्या घरी गेले. मी तेव्हा एम.फिल. करत होते, त्यांच्याच एका लेखिकेवर. आणि माझ्या मनात एक गोष्ट महिनाभर घोळत होती. ज्या प्रबंधासाठी मॅडमनी नोकरी घालवली, त्यातलं मुख्य मत मला चुकीचं वाटायला लागलं होतं. सांगावं तर कृतघ्नपणा, न सांगावं तर खोटेपणा. दुकानामागच्या खोलीत पुस्तकांच्या पेट्या बांधून ठेवलेल्या. मॅडम दोरीला गाठ मारत होत्या. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, ती कादंबरी, ज्यात ती शेवटी आजारी नवऱ्याकडे परत येते. तो शेवट प्रकाशकाचा नाही. तो लेखिकेचाच आहे."

त्यांनी दोरी सोडली. "कशावरून?"

"पूर्ण कादंबरीत नवरा बोलतो. पानभर बोलतो. शेवटच्या प्रकरणात त्याला एकही वाक्य नाही. बोलते ती. औषध ती ठरवते, भेटायला आलेल्यांना ती परत पाठवते, खिडकी उघडायची की नाही तेसुद्धा ती सांगते. ती निमूट परत आलेली नाही, मॅडम. घर तिनं ताब्यात घेतलंय."

"अपघात असेल. आजारी माणूस कमीच बोलणार."

"आधीच्या प्रकरणातही तो आजारीच आहे. तिथं डॉक्टरशी भांडतो."

मॅडमनी बांधलेली पेटी पुन्हा सोडली, उताऱ्यांचा गठ्ठा काढला आणि जमिनीवर बसून शेवटचं प्रकरण वाचायला लागल्या. मी उभीच. बाहेर अब्बा पानांवर पाणी मारत होते. वाचून झाल्यावर त्यांनी आधीचं प्रकरणही उलटून पाहिलं. मग म्हणाल्या, "हे मी इतक्या वेळा वाचलंय. मला दिसलं नाही."

मी घाईनं म्हणाले, "मॅडम, जाऊ दे. एकाच कादंबरीचं आहे ते. मी मागं घेते."

"मागं घ्यायचं नाही!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की अब्बा आत डोकावले.

"भांडताय का गं?"

"नाही, अब्बा. वाचतोय." आणि माझा हात धरून त्यांनी मला शेजारी बसवलं. "एका कादंबरीत तुझं बरोबर आहे. मानलं. पण बाकीच्यांत चालणार नाही. चल, दाखव."

दौंड स्टेशनला न्यायला जीप आली तरी आम्ही तिथंच. पेट्या अब्बांनी आणि ड्रायव्हरनं चढवल्या. निरोप म्हणून जे बोलायचं असतं त्यातलं काहीच बोलणं झालं नाही. मॅडम जीपमध्ये बसल्या त्या वाद घालतच. जीप वळली तरी त्यांचा हात बाहेर होता, आणि तो टाटा करत नव्हता, मुद्दा मांडत होता.

मी सुट्टीला डाळजला होते. तिसऱ्या दिवशी फाट्यावरच्या दुकानदाराचा पोरगा पळत आला. दुकानात तेव्हा गावातला एकुलता एक एसटीडी फोन होता. "मंगलताई, हैद्राबादवरनं फोन हाय. बाई बोलत्यात. लवकर चल, होल्ड केलाय."

मी धावतच गेले. पोचलात का नीट, जागा कशी आहे, जेवणाचं काय, असं विचारायचं मनात होतं. रिसीव्हर कानाला लावला तर पलीकडून तोच मोठा आवाज.

"मंगल, मी गाडीत सगळ्या पुन्हा बघितल्या. आणखी दोन कादंबऱ्यांत नवरा शेवटी गप्प आहे गं! तुझ्या लक्षात आलं होतं का?"

"नाही, मॅडम."

"मग लक्षात घे. दोन्ही उतारे पाठवते. तुझ्या बाजूचे आहेत, नीट वापर."

"पण मॅडम, मग तुमच्या प्रबंधाचं काय?"

"त्याचं काय व्हायचंय? तो झाला. आता तू लिही. पक्कं लिही, कुठं फट ठेवू नकोस," मॅडम म्हणाल्या. "कारण तुझं छापून आलं की मी त्याच्या विरोधात लिहिणार आहे."